अर्धी रेघ

१

या गाडीत एक बाई गेली असं सांगितलं असतं, तर गाडी बघून कुणीही सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. मागचा बंपर जरासा चेपलेला, डावीकडचा दिवा फुटलेला, बस्स. पुढच्या काचेला साधा तडासुद्धा नव्हता. सिग्नलला उभ्या गाडीला मागून पावाची व्हॅन येऊन टेकली होती. टेकलीच म्हणायचं, कारण व्हॅनमधले पावाचे ट्रे जागचे हलले नव्हते. एरवी दोन्ही चालक खाली उतरले असते, एकमेकांच्या डोळ्यांची चौकशी केली असती आणि आपापल्या वाटेला लागले असते. पण तेवढ्याशा धक्क्यानं चालकाच्या सीटची पाठ धाडकन मागे आडवी झाली, आणि तिला टेकून बसलेल्या बाई तिच्याबरोबर मागे फेकल्या गेल्या. मान मोडली. दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

त्यांना सगळे तलावावरच्या बाई म्हणत. अर्ध्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून एकदा स्वतः गाडी चालवत त्या तलावावर जायच्या. त्या दिवशीही तिकडेच निघाल्या होत्या.

विमा कंपनीनं पाहणीला मावशीला पाठवलं. ती कुणाची मावशी नव्हती, पण सगळं ऑफिस तिला तेच म्हणायचं. ती शेजारी बसून, पाणी हवंय का असं विचारत चौकशी करायची. समोरच्याला वाटायचं, हिच्यापासून काय लपवायचं!

वरवर प्रकरण सोपं होतं. गाडी बनवणाऱ्या कंपनीला आधीच कळलं होतं, की या मॉडेलच्या पुढच्या सीटांमध्ये खोट आहे. सीटची पाठ ज्या कुलपावर अडकते, ते धक्का बसला की सुटतं. म्हणून कंपनीनं सगळ्या गाड्या परत बोलावून कुलपं फुकटात बदलून द्यायला घेतली होती. बाईंची गाडी पहिल्याच खेपेला सर्व्हिस सेंटरला जाऊन आली होती. काम पूर्ण झालं म्हणून मिस्त्रीची सहीसुद्धा होती.

आणि तरी मावशीसमोर आडव्या पडलेल्या त्या सीटला जुनंच कुलूप होतं. शेजारच्या सीटला मात्र नवं, चकचकीत.

"एक केली, दुसरी विसरला," बरोबर आलेला पोलीस म्हणाला. "सरळ आहे. मिस्त्रीला आत घेतला की झालं."

मावशीनं हूं केलं. तिला सरळ गोष्टींचा तिटकारा नव्हता, पण घाईचा होता. ती सीटवर वाकली. बाई ठेंगण्या असाव्यात. बैठकीवर उंचीसाठी जाड उशी होती, तिच्या पट्ट्या सीटच्या बाजूनं आवळून बांधलेल्या होत्या. गाठ मोठी देखणी होती, ओढाल तितकी घट्ट होणारी. गाठीपासून बोटभर अंतरावर सीटचं कापड फाटलं होतं, आणि त्यावर पांढरी चिकटपट्टी होती, दवाखान्यात सुई टोचल्यावर लावतात तसली. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी काही चिकटवलं असेल, म्हणून मावशीनं ते सोडून दिलं.

मग तिनं पट्टीची कड नखानं उचलून पाहिली. पट्टी जुनी होती. खाली धूळ बसून काळी झाली होती.

२

मिस्त्रीला सर्व्हिस सेंटरनं घरी बसवलं होतं. मावशी गेली तेव्हा तो टेबलाशी बसला होता आणि त्याच्यासमोर घरचा मिक्सर उघडा पडला होता.

"आठवडा झाला, उघडून बसलेत," त्याची बायको हळूच म्हणाली. "दुरुस्त झालाय, पण झाकण लावायला धजत नाहीत. म्हणतात, शॉक लागला तुला तर?"

मिस्त्रीनं मावशीकडे वर बघितलंच नाही. "मॅडम, जेलबिल नंतर बघू," तो म्हणाला. "मला एवढंच सांगा, मी ते काम केलं की नाही?"

"ते तर मी तुम्हाला विचारायला आले!"

"केलंच असेल असं मन सांगतं. पण त्या दिवशी मध्येच मला दुसऱ्या गाडीकडे बोलावलं होतं. परत आलो, हे आठवतं. शेजारची सीट संपवली, हेही आठवतं. पण चालकाची सीट? डोळे मिटून बघतो, तर नुसता अंधार. रोज त्याच सीटा, तेच बोल्ट. कुठली कुणाची, कसं आठवणार?" त्यानं दोन्ही हात टेबलावर उलटे ठेवले. "वीस वर्षं या हातांवर पोट भरलं. आता भाजी चिरायलासुद्धा भीती वाटते. या हातांनी एक बाई मारली असेल, तर मला तसं कळू दे. पण कळू दे."

 मावशीनं पाणी मागितलं आणि ते स्वतःच प्यायली.

"बरं, मला सांगा," ती म्हणाली, "एक काम पुरं झालं, हे तुमचं तुम्हाला कसं कळतं? सही सोडा. सही काय, कुणीही करतं."

"रेघ ओढतो ना."

"कसली रेघ?"

"कुलूप बदलायला सीट गाडीतून बाहेर काढावी लागते. परत बसवली की तिचे चार पाय चार बोल्टांनी जमिनीला आवळायचे. आवळून झालं की पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची, बोल्टच्या डोक्यापासून खाली सीटच्या पायापर्यंत. बोल्ट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. सगळं झाल्याशिवाय मी रेघ ओढत नाही, मॅडम. ती माझी सवयच आहे."

"मग गाडीत जाऊन बघितलं का नाही?"

"मला गाडीजवळ जाऊ देतायत कुठे?"

मावशी तशीच उठली. जप्त गाड्यांच्या आवारात परत गेली, टॉर्च घेऊन त्या सीटखाली पालथी पडली. साडीला ग्रीस लागलं. शेजारच्या सीटच्या बोल्टांवर पांढऱ्या रेघा अखंड होत्या. आणि चालकाच्या सीटच्या?

बोल्टच्या डोक्यावर रंग होता. चारही बोल्टांच्या. पण डोक्याची कड आली की रेघ संपत होती. खाली सीटच्या पायांवर रंगाचा ठिपकाही नव्हता, पुसल्याची खूणही नव्हती.

म्हणजे मिस्त्रीनं काम पुरं केलं होतं. नंतर कुणीतरी ते बोल्ट खोलले, आणि त्यानं दुरुस्त केलेली सीटच काढून नेली. उरलेली अर्धी रेघ पायावर घेऊन ती सीट दुसरीकडे कुठेतरी होती.

३

सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर इस्त्रीच्या घडीसारखा माणूस होता. त्यानं मावशीचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"म्हणजे आमच्याकडे सीट बदलली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

मावशीनं खडा टाकून बघितला. "कुलपांचा तुटवडा होता म्हणे. एखाद्या बड्या गिऱ्हाइकाची निकड असते. एक सीट इकडची तिकडे…"

मॅनेजरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, गाडी आमच्या दारातून दोन्ही सीटा नीट करून गेली आणि परत आत आली नाही. फाटकावर कॅमेरा आहे, या आणि बघा. तुटवडा होता, हे खरं. पण तो बाईंच्या गाडीनंतर सुरू झाला. त्यांच्या मुलाचीच गाडी बघा ना. अगदी तेच मॉडेल, आईलेकांनी एकाच दिवशी नेलेलं. त्यांचा नंबर आला आणि कुलपं संपली. म्हटलं, थांबा जरा. आणि योग बघा, बाई गेल्या आणि दोनच दिवसांत माल आला!"

"मग मुलाची गाडी झाली?"

"कसली होतेय! किती फोन केले. हो हो म्हणतात, आणत नाहीत. माणूस दुःखात आहे, आपण तरी किती बोलणार?"

"ती गाडी रोज चालवतं कोण?"

"त्यांच्या मिसेस. रक्तपेढीत कामाला आहेत, हायवेवरून जाऊन-येऊन करतात. दिवस गेलेत त्यांना, सातवा की आठवा. म्हणून तर मी एवढा मागे लागलोय हो."

मावशीनं चहाचा कप तोंडाकडे नेला आणि तसाच खाली ठेवला. ज्याची आई या सीटपायी गेली, तो माणूस पोटुशा बायकोला तसल्याच सीटवर रोज हायवेवर पाठवतो? इतका निर्दय मुलगा असू शकतो. जगात काय नसतं? नाहीतर मग दुसरं एकच कारण उरत होतं, आणि ते मनात येताच मावशीला मॅनेजरचा चहा नकोसा झाला.

४

मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार सुनेनं उघडलं. चेहरा सुजलेला, हालचाल जड, पण बोलणं लाघवी. मुलगा खिडकीशी उभा होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता तो. आईसारखाच ठेंगणा. मावशी आली तसा त्याच्या तोंडाला कुलूप लागलं.

"बसा ना. ती खुर्ची नको हं, तिचा पाय हलतो," सून म्हणाली. खुर्चीच्या पायाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मावशीची नजर घरभर फिरली. टीव्हीच्या रिमोटला तीच पट्टी. छत्रीच्या दांड्याला तीच. भिंतीवर हार घातलेल्या बाईंच्या फोटोच्या चौकटीचा एक कोपरासुद्धा त्याच पट्टीनं धरलेला.

"हसू नका. रक्तपेढीतली सवय," सून म्हणाली. "उरलेले तुकडे पर्समध्येच असतात. आई चिडवायच्या. म्हणायच्या, हिच्या हाती संसार दिला तर सगळा पट्टीनं जोडून ठेवील."

"गाडीलाही लावली असेल!" मावशी हसून म्हणाली. हसताना तिला स्वतःचीच चीड आली.

"लावली होती ना! सीट फाटली होती तिथे. मग यांनीच एके दिवशी नीट करून आणली. आता कळतसुद्धा नाही कुठे फाटली होती ते. एरवी यांना साधी बुटाची नाडी बांधता येत नाही हो. आईंनी जन्मभर शिकवलं, ती तलावावरची गाठ, ओढाल तितकी घट्ट होणारी. सगळ्या गावाला आली, पोटच्या पोराला आली नाही."

खिडकीशी उभ्या मुलाचा हात गजावर आवळला गेला.

"तुम्हालाही शिकवायच्या का पोहायला?" मावशीनं विचारलं. तिला थोडा वेळ हवा होता.

"मला तर पहिलाच धडा पाठ आहे. बुडणाऱ्याला धरायच्या आधी स्वतःचा श्वास भरून घे. रोज मुलांकडून मोठ्यानं म्हणून घ्यायच्या." सून फोटोकडे बघत राहिली. "मिस्त्रीला शिक्षा होईल ना? मला रात्ररात्र राग येतो त्याचा. एक बोल्ट आवळायचा, तेवढं करता येऊ नये माणसाला?"

मावशीनं मुलाकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"गाडी जरा बघू का खाली?" ती म्हणाली.

"आत्ता कशाला?" मुलगा पहिल्यांदाच बोलला, आणि फार मोठ्यानं बोलला.

"अहो, बघू दे की," सून म्हणाली आणि तिनं किल्ली मावशीच्या हातात ठेवली.

५

तळघरातल्या पार्किंगमध्ये गार होतं. मावशीनं चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि गुडघे टेकले. मुलगा मागे उभा होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

सीटचं कुलूप नवं होतं. टॉर्चचा उजेड खाली गेला. बोल्ट कोरे होते. पण सीटच्या पायावर, बोल्टच्या अगदी कडेपासून सुरू होऊन, पांढरी रेघ खाली उतरत होती.

मावशी उठली. गुडघे झटकले नाहीत.

"फोनवर फोन येऊनही तुम्ही गाडी नेली नाहीत," ती म्हणाली. "बायकोची सीट आधीच नीट होती, म्हणून तुम्हाला तिची काळजी नव्हती. आणि तिथे नेताच नवं कुलूप नि रेघ कुणालाही दिसली असती, म्हणून नेता येत नव्हती. तिच्या हातची पट्टी आईंच्या गाडीतल्या सीटवर आहे. आता मला आणखी काही बोलायला लावू नका."

तो भिंतीला टेकून खाली बसला. "शेजारची सीट अजून जुनीच आहे," तो म्हणाला. "तिथे मीच बसतो. दुसऱ्या कुणाला बसू देत नाही."

"मिस्त्रीला घरी बसवलंय. तो मिक्सरचं झाकण लावायला घाबरतो. ठाऊक आहे?"

"सीट बदलायचं मी नाही ठरवलं!" तो एकदम म्हणाला. "आईच म्हणाली. कुलपं संपली म्हणून मी घरी येऊन कुरकुर केली, तर म्हणाली, माझी सीट सूनबाईला दे. मी कुठे लांब जाते? तलाव आणि घर. हिला सांगू नकोस, ती ऐकायची नाही. मी नको नको म्हणत होतो. खरंच म्हणत होतो. पण मनातून… मनातून मला बरं वाटलं हो. थोड्या दिवसांचा तर प्रश्न, असं वाटलं."

 मेलेली आई साक्षीला येत नाही, आणि असं कुठला मुलगा म्हणणार नाही? शंकेची पाल चुकचुकली. पण मग तिला ती गाठ आठवली. सीट बदलायची तर उशी सोडावी लागते आणि परत बांधावी लागते. या माणसाला ती गाठ येत नाही. म्हणजे नव्यानं आलेल्या सीटवर बाईंनी आपल्या हातानं उशी बांधली होती. आणि गाठीपासून बोटभर अंतरावर सुनेची पांढरी पट्टी होती. ती न दिसता तिथे गाठ मारणं शक्यच नव्हतं. कुणाची सीट आहे, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी गाठ मन लावून, देखणी मारली होती त्यांनी.

"खरं बोलताय तुम्ही," मावशी म्हणाली.  "त्याबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. पण त्यानंतरच्या गप्प बसण्याबद्दल देणार."

"हिचं ब्लडप्रेशर वाढलंय. डॉक्टर म्हणाले, धक्का द्यायचा नाही. ज्या सीटवर ती रोज बसते, ती… कसं सांगू? मी रोज रात्री सांगायचं ठरवतो."

"आणि रोज सकाळी तो मिस्त्री आपल्या हातांकडे बघत उठतो. तुमच्या घरातलं दुःख झाकायला दुसऱ्याच्या घरातलं वापरायचं, हे तुमच्या आईला चाललं असतं?"

तो रडायला लागला, लहान मुलासारखा, नाक ओढत. मावशीनं त्याला रडू दिलं.

"उद्या सकाळी सर्व्हिस सेंटरला या," ती शेवटी म्हणाली. "तिला घेऊन, सगळं सांगून. डॉक्टरांना विचारून सांगा, शेजारी बसून सांगा, पण तुम्ही सांगा. नाही आलात, तर मी सांगेन, आणि मला तुमच्यासारखं हळू सांगता येणार नाही."

६

सकाळी मावशी पोचली तेव्हा मिस्त्री फाटकाबाहेरच उभा होता. आत बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं. पोलीस आला, मॅनेजर आला. मुलगा आला नव्हता. मावशीनं पर्समधून कागदाची पुडी काढली, बाईंच्या गाडीतले चार बोल्ट होते त्यात, आणि ती परत आत ठेवली. तिला वाटलं, नाहीच येणार हा. माणसाबद्दल आपला अंदाज चुकला.

मग रिक्षा थांबली. आधी मुलगा उतरला. मग त्यानं हात दिला आणि सून उतरली. तिचे डोळे रडून रडून लाल झाले होते, पण पाय ठाम पडत होते. मागोमाग त्याच्या ऑफिसातल्या मित्रानं त्यांची गाडी आणून उभी केली.

सीट काढायला दुसरा कामगार पुढे झाला. सीट बाकावर आडवी ठेवली. मावशीनं बोल्ट मिस्त्रीच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो सीटच्या पायाच्या भोकात बसवला आणि हलकेच फिरवत नेला. बोल्टच्या डोक्यावरची पांढरी रेघ फिरत आली आणि पायावरच्या रेघेला जाऊन मिळाली. कुंचल्याचा एक केस रंगात चिकटला होता, तोही इकडून तिकडे सरळ गेला.

त्यानं दुसरा घेतला. तिसरा. चौथा.

"मी केलं होतं," तो म्हणाला. कुणाला असं नाही. मग पुन्हा म्हणाला, "केलं होतं मी."

मुलगा त्याच्यासमोर येऊन हात जोडून उभा राहिला. "सीट मी बदलली. पोलिसांना लिहून देतोय. तुमची काही चूक नव्हती."

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. "साहेब, तुमच्या आईंनी माझ्या मुलीला पोहायला शिकवलं," तो म्हणाला. "तिच्यासमोर मला मान वर करता येत नव्हती. तुम्ही एक शब्द बोलला असता तर झालं असतं." पुढे आणखी काही बोलायचं असावं, पण सुनेकडे लक्ष गेलं आणि तो थांबला.

ती बाकाशी बसली होती, सीटच्या कापडावर हात ठेवून. "सगळ्या गावाला सांगायच्या, आधी स्वतःचा श्वास," ती म्हणाली. "मला एकदा विचारलं असतं तर मी भांडले असते. म्हणून नाही विचारलं. मला भांडायचं होतं हो त्यांच्याशी!" आणि मग तिनं मिस्त्रीला म्हटलं, "दादा, मी तुम्हाला रोज शिव्या दिल्या. मनातल्या मनात, पण रोज. माफ करा."

"राहू दे ताई. उठा, लादी गार आहे," मिस्त्री म्हणाला.

ती सीट पोलिसांकडे गेली. मॅनेजरनं आतून नवी मागवली आणि शेजारच्या सीटसाठी कुलूपही. हे काम कुणी करायचं, असा प्रश्न पडला. सून म्हणाली, "यांनीच करावं." मिस्त्रीनं बाह्या सारल्या. मावशी शेवटपर्यंत थांबली. त्यानं एकेक बोल्ट आवळला, पुन्हा आवळून बघितला, आणि मग कुंचला बुडवून रेघा ओढल्या.

संध्याकाळी मावशी अहवाल लिहीत होती. विम्याचं काय होईल, मुलाचं काय होईल, ते ठरवणारे दुसरे होते. तिनं घडलं तसं लिहिलं, गाठीसकट. मध्येच फोन वाजला. मिस्त्रीची बायको होती. ती खूप काही सांगत होती, बहुतेक आभारच मानत असावी, पण मागे मिक्सर मोठ्यानं फिरत होता आणि मावशीला त्यातलं निम्मं ऐकूच आलं नाही.